नाणं न उडवता

१९८३चा मे. काटोल रोडवरच्या शेडमध्ये आम्ही दोघं लष्करासाठी उपग्रहाची संदेशयंत्रणा बनवत होतो. संदेश खरखरीत विखरून पाठवायचा. ज्याच्याकडे आकड्यांची किल्ली, त्यालाच तो ऐकू येणार. किल्लीत कुणाच्या मनातलं काही उतरू नये म्हणून ती नाणं उडवूनच बनवायची. माझे मेकॅनिक रुपराव नाणं उडवायचे. छापा पडला की मी एक लिहायचो, काटा पडला की शून्य.

दुपारी ते डबा खायला गेले. उकाड्यानं माझं डोकं फिरलं होतं. उरलेले शंभर आकडे मी मनानंच ठोकून दिले, किल्ली संदेश ऐकायच्या यंत्रात घातली आणि हेडफोन लावला.

संदेश पाठवणारं यंत्र बंद होतं. त्याचा फ्यूज माझ्या खिशात होता. नुसती खरखर यायला हवी होती.

हेडफोनमध्ये हाड मोडलं.

"नोका मारू साहेब! डोक्यात नोका!" आवाज रुपरावांचा होता. लोखंड ओल्या मांसावर पडत होतं. मारणारा धापा टाकत होता.

मी एक आकडा बदलला. खरखर. पुन्हा होता तसा केला. आता सुरुवातीपासून ऐकू आलं. रुपराव हसून म्हणाले, "नाणं तं माह्या खिशात होतं." मग पहिला घाव.

मी हेडफोन भिरकावला.

रुपराव हात पुसत आत आले. "काय ऐकून राहिले साहेब?"

"खरखर."

त्यांनी वही पाहिली आणि हसले. "हे आकडे कसे आले? नाणं तं माह्या खिशात होतं."

लोखंडी पाना माझ्या हातात होता.