दोन्ही फटींतून

"आईच्या रक्तातलं प्रथिन तू तिला न विचारता या यंत्रात घातलंस?" ताईचा संताप आवरत नव्हता. तपासणीच्या नावाखाली काढलेलं रक्त धाकट्या भावाने प्रयोगशाळेत आणलं होतं, हे तिला आजच कळलं होतं. जाब विचारायला ती आईलाच सोबत घेऊन आली होती. दाराबाहेरच्या बाकावर आई खोकत बसली होती.

धाकट्याची नजर पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून हलेना. "एवढा मोठा रेणू, ताई, पण लाटेसारखा यंत्रातल्या दोन्ही फटींतून एकदम जातो. फक्त तो जाताना कुणी बघायचं नाही. बघितलं की एकच वाट उरते."

"चुलीत घाल तुझे रेणू. आई काय प्रयोगाचा उंदीर आहे?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर घरचा होता.

"अगं, मला घरात कोंडून, बाहेरून कुलूप लावून गेलीस?" आई भयंकर चिडली होती. "माणूस आहे की सामान मी?"

बोलता बोलता तिला ढास लागली. तोच खोकला, त्याच क्षणी, दाराबाहेरूनही आला.

ताई गर्रकन वळणार, तोच धाकट्याने तिचे खांदे घट्ट धरले.

"ताई, दाराकडे बघू नकोस."