तिसरा सुरुंग

तीन सुरुंगांच्या वाती पेटवल्या होत्या, आवाज दोनच झाले.

"तिसरा कुटं गेला?" बांधाआड पालथ्या पडलेल्या नूरमहंमद मिस्त्रीनं मान वर केली. तोवर कोंडाजी पहार घेऊन विहिरीत उतरलासुद्धा होता. भाजे गावच्या त्या काळ्या पाषाणात दोन उन्हाळे घाम गाळूनही पाणी लागलं नव्हतं. आज तर मालक हौशीराम आबा हाती नारळ घेऊनच आले होते. मग गड्याला कुठला धीर!

मिस्त्री काठाकडं धावला. "कोंडाजी, पहार मारू नगंस! एक उडायचा ऱ्हायलाय!"

खाली कोंडाजीनं उगारलेली पहार तशीच राहिली. फुटक्या दगडांच्या फटीतून, त्याच्या पायाजवळ, धुराची बारीक रेघ वर येत होती. पहार अलगद टेकवून तो मटकन खाली बसला.

"वर ये! पळ!" सगळे ओरडू लागले. कोंडाजी नुसता त्या धुराकडं बघत राहिला.

नूरमहंमद काठावरून तो धूर न्याहाळत होता. ओलसर वात कधी विझून जाते, कधी आतल्या आत धुमसत बसते. केव्हा उडेल ते अल्लालाच ठाऊक. इंदुरी गावात एकजण असाच विहिरीत राहिला होता. त्याला टोपल्यात घालून वर आणावं लागलं होतं. ते टोपलं नूरमहंमदनंच ओढलं होतं.

त्यानं वहाणा काढल्या. आबांनी त्याचा दंड धरला.

"मिस्त्री, तुमी नका जाऊ. तुमचं काई झालं तर हीर कोन पुरी करंल?"

"ऱ्हाईना का अर्धी," म्हणत त्यानं दंड सोडवून घेतला.

कातळातल्या खोबणीत पाय ठरत नव्हता. निम्म्यावर आल्यावर सुरुंगाच्या दारूचा जळका वास नाकात भरला आणि त्यानं एक पाय परत वरच्या खोबणीत टाकलासुद्धा. तसाच क्षणभर लटकून राहिला. मग डोळे मिटून खाली उतरला.

"ऊठ."

"मिस्त्री, पाय चालत न्हाईत."

"माजं तरी कुटं चालत्यात? ऊठ म्हन्तो ना!"

त्यानं कोंडाजीला पुढं घातलं आणि खालून खांदा लावत एकेक खोबण चढवलं. वरच्यांनी कोंडाजीला ओढून घेतलं. तसा तो मागं वळला, वाकला आणि त्यानं मिस्त्रीला हात दिला. दोघं अडखळत बांधापलीकडं कोसळले, तोच जमीन हादरली. दगडांचा पाऊस पडला. मग सगळं चिडीचूप.

धुरळा बसल्यावर आबांनी भीतभीत विहिरीत डोकावलं.

"पानी! आरं, झरा फुटला!"

नारळ फुटला. गडी नाचू लागले. आळीतल्या बायका घागरी घेऊन धावत आल्या. "मिस्त्री, या की! जिकलंसा तुमी!" आबा ओरडत होते.

नूरमहंमद बांधाला टेकून बसला होता.

"चला मिस्त्री, पानी बघू," कोंडाजी हळूच म्हणाला. "हात सोडा आता."

नूरमहंमदनं खाली पाहिलं. कोंडाजीचं मनगट अजून त्याच्या मुठीत होतं.

"सोडतो रे," तो म्हणाला.

पण बोटं उघडेनात.