सात बिस्किटं

लक्ष देऊन कसं खावं, याचे आठ आठवड्यांचे धडे ट्रूसआजींनी सास्कियाच्या प्रयोगशाळेत मनापासून गिरवले होते. शेवटच्या दिवशी सास्कियाने त्यांना बिस्किटांनी भरलेली बशी दिली आणि चव कशी वाटली ते लिहायला सांगितलं. आजी लिहून बाहेर गेल्यावर तिने गुपचूप बशीचं वजन केलं. खरी परीक्षा तीच होती.

"आजी, तुम्ही सात बिस्किटं खाल्लीत."

"छे गं पोरी, दोनच! आमच्या घरी कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळायचं, की लगेच डब्याचं झाकण बंद. आज दुसरं उचलतानासुद्धा मला चोरट्यासारखं झालं."

"काटा खोटं कशाला बोलेल, आजी? लाजू नका. हात आपोआप जातो, माणसाला पत्ताही नसतो."

ट्रूसआजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे या वयात आता स्वतःच्या हातावरही नजर ठेवायची," असं पुटपुटत त्यांनी कोट चढवला, आणि सायकलवर बसायचा धीर न होऊन ती हाताने ढकलत त्या चालतच घरी गेल्या.

आजींचा हात नेमका कधी कधी गेला, ते टिपून घ्यायला सास्कियाने खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावून पाहिलं. त्यात आजींनी दोन बिस्किटं खाल्ली, चार ओळी लिहिल्या आणि त्या उठून गेल्या. मग सास्किया स्वतःच आत आली आणि वजन करायच्या आधी, बशीपाशी उभी राहून, आजींचा कागद वाचू लागली.



कागद वाचून होईपर्यंत तिने पाच बिस्किटं संपवली होती, आणि त्यातल्या एकाचीही चव तिला आठवेना.