एकशे आठ प्रती

मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. सिद्धाराम सरांनी तो वाचला आणि टरकन फाडला.

"बाई, जन्मसाल एक्क्याण्णव सांगितलं होतं. परत पंच्याण्णवच आलं."

काचेपलीकडं कारकुनाच्या टेबलाशी महादेवीबाई गप्प बसून होत्या. श्रावणी सोमवारी दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असे, उभ्या शाळेला ते ठाऊक होतं. सरांसमोर राजनंदिनीचा चुलता त्रिंबक गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. नववीतली पोरगी दाखल्यावर अठराची झाली की दसऱ्याआधी लग्न. लग्न झालं की ऊसतोडीला एक जोडी तयार.

"लई वेळ लागालाय सर," तो म्हणाला. "जोडी नसली तर मुकादम नवऱ्या पोराला तोडीला घेत न्हाई."

सर दारात आले. आवाज मऊ करून म्हणाले, "महादेवीबाई, तुमचं व्रत मोडा असं कोण म्हणालंय? तोंडानं खोटं बोलूच नका. नुसतं टाईप करा. बोटांला कुठं मौन असतंय?"

त्रिंबक फिसकन हसला.

बाईंनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. शाळेचं रजिस्टर पुढं ओढलं, राजनंदिनीच्या ओळीवर पट्टी ठेवली. सर समाधानानं आत गेले.

चार महिन्यांपूर्वी कार्यालयातले संगणक बिनतारी जोडले, तेव्हा एकुलता एक प्रिंटर सरांनी आपल्या खोलीत ठेवून घेतला होता. कुणाचाही कागद नजरेखालून निघावा म्हणून. बाईंची बोटं चालली. प्रती किती, असं पडद्यावर आलं. त्यांनी जपाचा आकडा भरला.

आत यंत्र घरघरलं. 'अक्षरी: नऊ जून एकोणीसशे पंच्याण्णव.' सरांनी फाडला. दुसरा आला. तोही फाडला. तिसरा येताना त्यांनी बटणच बंद केलं, आपल्या संगणकाशी बसले आणि दोन बोटांनी स्वतःच दाखला टाईप करून छापायला सोडला. मग बटण चालू केलं.

प्रिंटर रांग मोडेना. आधी बाईंचेच कागद. पाचवा, सहावा, सातवा. टेबल भरलं, पंख्याच्या वाऱ्यानं कागद खाली पडले, सरपटत व्हरांड्यात गेले.

"सर, ह्यातला आपला कोणता?" त्रिंबकानं विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं.

सर वाकून कागद गोळा करू लागले. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. व्हरांड्यात पोरींचा घोळका थांबला.

"अगं, हे तर तुझंच हाय की."

राजनंदिनीनं कागद उचलला. अक्षरी तारीख बोट फिरवत मोठ्यानं वाचली. मग ती आत आली, चुलत्याकडं न बघता सरांपुढं कागद ठेवला आणि वर पेन ठेवला.

"सर, ह्याच्यावर सही राहिलीय."