पोहोचल्याचा फोन

तेहतीस वर्षं समुद्रावर काढलेले कप्तान निवृत्त झाल्यापासून मागच्या खोलीत शिडाचं छोटं लाकडी जहाज बनवत बसायचे. तयार भाग आणायचे नाहीत, फळीन् फळी आपल्या हाताने कापायची, असा त्यांचा हट्ट. आज मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बायको बहिणीबरोबर बोटीने बेटांच्या सफरीला गेली होती आणि दोन दिवस तिचा पत्ता नव्हता. तासता तासता त्यांनी डोलकाठीची पार काडी करून टाकली. दुसरी घेतली, ती मोडली. चारदा खिडकीशी जाऊन आले, फोन चालू आहे ना तेही पाहिलं. घरात एकटं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ.

दुपारी फोन वाजला, तसे ते उसळलेच. "अगं, पोहोचल्यावर एक फोन करायला काय होतं? इथे माझा जीव टांगणीला लागलाय!"

"भर समुद्रात फोन लागत नाही हो. तुम्हीच सांगायचात ना?" ती हसली.

कप्तानांनी मोडलेली डोलकाठी बाजूला सारली.

"आणि हे बघा, घर खायला उठत असेल तर आणखी एक जहाज करायला घ्या. मी अजून आठ दिवस राहतेय."