नववा प्रश्न

नवव्या प्रश्नापाशी मिस्त्रींचं पेन अडलं.

'लाभार्थीशी वैयक्तिक नाते निर्माण झाले आहे काय? हो / नाही.'

अकरा सोमवार त्यांनी बेधडक 'नाही'वर खूण केली होती. आज बारावा सोमवार. एकट्या राहणाऱ्यांकडे स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेच्या ताई टेबलापलीकडे बसून कुणाच्या तरी फायलीची नाडी बांधत होत्या, आणि मिस्त्री ऐन परीक्षेत उत्तर विसरल्यासारखे छताकडे बघत होते.

मुळात 'लाभार्थी' हा शब्दच त्यांना पहिल्या दिवसापासून खटकला होता.

"अहो ताई, चांगल्या हसत्याबोलत्या बाईला लाभार्थी काय म्हणता? हातात कूपन देऊन रांगेत उभी केल्यासारखं वाटतं."

"तो शब्द फॉर्मातला आहे, मिस्त्री. तोंडावर कधी म्हणायचा नाही," ताई म्हणाल्या होत्या. "आपल्याला कुणी मदत करतंय हे कळलं की माणसाची मान खाली जाते. म्हणून गाजावाजा न करता जायचं, वेळ द्यायचा, परत यायचं. फक्त जीव गुंतवायचा नाही. जीव गुंतला की आपण त्यांच्या भल्याऐवजी आपलंच बघायला लागतो. तसं झालं तर खरं सांगा, आम्ही दुसरं माणूस देऊ."

मिस्त्रींना ते पटलं होतं. पाइप गळत असेल तर त्यावर रंग मारून चालत नाही, हे त्यांनी चाळीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं.

बाई एकट्याच राहायच्या, गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांत. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, म्हणून मिस्त्रीही बाईच म्हणत. दर बुधवारी चार वाजता जायचं आणि संस्थेनं दुरुस्तीला पाठवलंय म्हणायचं, असं ठरलं होतं.

दुरुस्तीला काही तोटा नव्हता. एका बुधवारी नळ गळायचा, दुसऱ्या बुधवारी खिडकीची कडी निघालेली असायची, तिसऱ्याला टेबलाचा पाय डुगडुगायचा. घर होतं की दवाखाना!

"बाई, तुमच्या घराला माझी चाहूल लागते बहुतेक," मिस्त्री एकदा म्हणाले. "मी येणार म्हटलं की कुणीतरी आजारी पडतंच."

"मग येत जा. डॉक्टर बदलला की गुण येत नाही," बाई म्हणाल्या.

त्या शेजारी बॅटरी धरून उभ्या राहत. मागायच्या आधीच पाना पुढे करत, तोही बरोबर मापाचा. मिस्त्रींनी अहवालात लिहिलं होतं, 'बाईंना हत्यारांतलं काही कळत नाही, पण शिकायची हौस दांडगी.'

खरं तर मिस्त्रींचीच हत्यारपेटी वर्षभर खाटेखाली गंजत पडली होती. बायको गेली आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली ती घातलीच. ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी दार बोटभर उघडून सांगितलं होतं, "देणगी देणार नाही आणि उपदेश घेणार नाही." ताई म्हणाल्या, "दोन्ही नकोत. पाना धरणारा हात हवाय." मिस्त्रींनी खाटेखालची पेटी बाहेर ओढली.

आता बुधवारी मिस्त्री दाढी करायचे. इस्त्रीचा शर्ट घालायचे. मंगळवारपासूनच घड्याळ बघायचे.

गेल्या बुधवारी दाराची बिजागरी होती. काम दहा मिनिटांत झालं आणि चहा दोन तास चालला. निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी काही बिघडलेलं नसलं तरी याल?"

मिस्त्री घरी गेले ते तरंगतच. मग रात्रभर त्यांना झोप नाही. बाईंना वाटतंय हा माणूस नुसता दुरुस्तीला येतो, आणि हा तर दर सोमवारी त्यांच्यावर फॉर्म भरतो! 'नाही'वर खूण केली तर बुधवार राहील, पण खोट्यावर राहील. 'हो'वर केली तर चार वाजता त्या दारात दुसराच कुणीतरी उभा राहील. आयुष्यात दुसऱ्यांदा काहीतरी हातातून जाणार होतं, आणि या वेळी ते त्यांनी स्वतःच सोडायचं होतं.

त्यांनी 'हो'वर खूण केली आणि कागद पुढे सरकवला.

"माझं नाव काढा, ताई. दुसरं माणूस द्या. पण जरा सांभाळून निवडा. त्यांच्या मोरीतल्या नळाचा आटा नाजूक आहे, दांडगाई चालणार नाही. आणि त्या बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, रुसतात."

ताईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"मिस्त्री, जेवलात का?"

"दर सोमवारी तेच काय विचारता! जेवलो. तुम्ही निकाल सांगा."

"शुक्रवारी याच प्रश्नाला आणखी एक 'हो' आलंय," ताई म्हणाल्या आणि बांधलेली नाडी पुन्हा सोडायला लागल्या. "मला बजावून ठेवलंय की मिस्त्रींनी 'हो' लिहिलं तरच त्यांना दाखवा. नाहीतर फाडून टाका."

त्यांनी फाइल फिरवून मिस्त्रींसमोर ठेवली.

कुठलाही कागद मिस्त्री खालून वाचत. आधी सही, मग मजकूर. फसायचं नसेल तर हीच रीत.

सही बाईंची होती. सहीखाली लिहिलं होतं: 'स्वयंसेविका. निवृत्त शिक्षिका, तंत्रशाळा, फिटिंग विभाग.'

वरच्या ओळींत शेरा होता. 'बिजागरीचे स्क्रू ढिले करून ठेवले होते. दहा मिनिटांत बसवले. नंतर दोन तास बोलले, तीनदा मोठ्यानं हसले. आता ढिलं करण्याजोगं घरात काही उरलेलं नाही.'

त्याच्या वर नववा प्रश्न, आणि 'हो'वर दोनदा गिरवलेली खूण.

आणि सगळ्यात वर, 'लाभार्थी' या शब्दापुढे, फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात, मिस्त्रींचं स्वतःचं नाव होतं.