भावाची बाटली

लिफाफा फोडून मोठ्या डॉक्टरांनी आतला कागद दोनदा वाचला, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गोळीचा अभ्यास आजपासून बंद," ते म्हणाले.

खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, गोळीचा गुण इतका आला की आता ती सरसकट सगळ्यांनाच द्यायची. औषधांचं कपाट सांभाळणाऱ्या ताईला तर हसूच फुटलं.

"गोळी खाणाऱ्यांतच कॅन्सर जास्त निघालेत. फुप्फुसाचे."

चार वर्षं इथून सिगारेट ओढणाऱ्यांना, कॅन्सर टळतो का ते बघायला, बाटल्या जात होत्या. निम्म्यांत गाजरातला अँटिऑक्सिडंट, निम्म्यांत नुसती पिठाची गोळी. दिसायला दोन्ही सारख्या. कुणाला काय मिळतंय ते ना खाणाऱ्याला ठाऊक, ना डॉक्टरांना. इथली यादी फक्त ताईच्या कपाटात.

"पण गाजरं तर चांगली ना?" नर्सने विचारलं.

"गाजरं खाऊन कुणाचं काही बिघडलं नाही. एवढ्या मात्रेची गोळी, तीही धूर ओढणाऱ्याच्या पोटात, ती उलटली. का, ते अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही." मग त्यांचं लक्ष ताईच्या चेहऱ्याकडे गेलं. "तुम्ही नका घाबरू, मॅडम. कागदासोबत यादीही आलीय, तुमच्या भावाचा नंबर बघितला मी. पिठाच्या गटात आहेत ते. सुटले."

नंबर पिठाचा आहे हे ताईने चार वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. दिवसाला दोन पाकिटं फुंकणारा सख्खा धाकटा भाऊ, आणि त्याच्या वाट्याला पीठ? एरवी नियमावर बोट ठेवून जगाशी भांडणारी ही बाई, पण तिथे मात्र तिला राहवलं नाही. दर तीन महिन्यांनी दार लावून घ्यायची, जादा साठ्यातली औषधाची बाटली काढायची आणि तिच्यावर भावाच्या नंबरचं लेबल चिकटवायची. कुणाला कानोकान खबर नव्हती.

त्याच दिवशी तपासणीचा वार होता. गोळीवाल्यांना एक्स-रेच्या रांगेत उभं केलं, पीठवाल्यांना घरी जायला सांगितलं. भाऊ हसतच आत आला. "काय गं ताई, चार वर्षं पीठ चारलंस मला. जातो आता."

"थांब. तुझा एक्स-रे आधी."

"यांचा कशाला?" डॉक्टर म्हणाले. "मॅडम, हे तर पिठाच्या..."

"आधी काढा. मग काय ते मी लेखी देते."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. भावाचं हसू हळूहळू मावळलं.

"ताई, काय दिलंस तू मला?"

"मला चांगली वाटली ती दिली रे," ती म्हणाली.